मकर, तिमितिमिंगिल आणि धम्मसागर : बौद्ध कलेतील जलचरांचा अर्थ

रोहिणखेड येथील उपासक-उपासिकांशी अजिंठ्याच्या लेण्यांविषयी बोलत असता एका वयोवृद्ध उपासिकेने आम्हांला विचारलेला प्रश्न या लेखाचे निमित्त आहे. लेणी पाहून आलेल्या त्या माउलीचे म्हणणे असे की, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही, गावातल्या निम्म्या माणसांनी समुद्र पाहिलेलाही नाही. मग त्या डोंगरातल्या लेण्यांत जागोजागी मगरमासे, जहाजे आणि जबडा पसरलेले जलचर कशासाठी? आणि ज्या तथागतांनी देवादिकांचा आधार नाकारला, त्यांच्या आसनाच्या पाठीला हा सोंडेचा मासा कोणी आणून बसविला?

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र साधे नाही. बौद्ध कलेविषयी जे लेखन आजवर झाले, त्यात या प्रश्नाला मिळालेली उत्तरे आम्हांला समाधानकारक वाटत नाहीत. एक उत्तर अभ्यासकांचे आहे, दुसरे आपल्याच लोकांचे आहे. या दोहोंची चिकित्सा करून प्रत्यक्ष शिल्पे व चित्रे काय सांगतात, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रचलित उत्तरे

अभ्यासकांचे उत्तर असे : मकर हे जलतत्त्वाचे प्रतीक होय. आनंद कुमारस्वामी यांनी १९२८ व १९३१ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या यक्षविषयक ग्रंथात कमळ, पूर्णघट आणि मकर यांची एकत्र संगती लावली व त्यांच्यामागे प्राचीन भारतीय जलकल्पना असल्याचे प्रतिपादन केले. त्या ग्रंथाची विद्वत्ता वादातीत आहे. मकर हा बौद्धांनी निर्माण केलेला प्राणी नव्हे, हेही आम्हांस मान्य आहे. वरुणाचे व गंगेचे वाहन म्हणून, कामदेवाच्या ध्वजावरील चिन्ह म्हणून ब्राह्मणी परंपरा त्याला ओळखते. परंतु मौर्यकालीन समजल्या जाणाऱ्या, बिहारमधील बराबर टेकडीवरच्या लोमश ऋषी लेण्याच्या कमानीवर हत्तींची रांग कोरली आहे आणि तिच्या दोन्ही टोकांस मकर आहेत. तेथील शेजारच्या लेण्या अशोकाने आजीवक श्रमणांना दान दिल्या होत्या. म्हणजे दगडात कोरलेला मकर आपल्याला फार लवकर, आणि तोही श्रमणांच्या दारावर भेटतो.

या पद्धतीत आमच्या मते दोष असा की, ती प्रतीकाचे मूळ शोधते आणि मूळ सापडले की अर्थ सापडला असे मानते. एखादा शब्द कोठून आला हे कळल्याने तो वाक्यात काय सांगतो हे कळत नाही. मकर वैदिक जलकल्पनेतून आला असे क्षणभर मान्य केले, तरी बुद्धाच्या आसनाशी येऊन तो काय बोलतो, हा प्रश्न शिल्लकच राहतो. तो न विचारल्यामुळे बौद्ध कला ही ब्राह्मणी कलेची एक शाखा किंवा निव्वळ अलंकरण ठरते. इतिहासातून धम्म पुसला गेला तो केवळ विध्वंसाने नव्हे. अर्थ लावणाऱ्यांच्या सोयीनेही पुसला गेला.

आपल्या लोकांचे उत्तर याच्या उलट टोकाचे आहे. काही जण म्हणतात, ही सारी भाकडकथा आहे. बुद्धिवादी धम्मात तिला स्थान नाही. काही जण त्याहून पुढे जाऊन म्हणतात, जेथे मकर दिसेल तेथे पूर्वी विहार होता. पहिल्या म्हणण्याने आपण आपलाच वारसा टाकून देतो आणि दुसऱ्याने पुराव्यावाचून दावा करतो. रोहिणखेडचेच उदाहरण घ्यावे. घाटाच्या पायथ्याचे हे गाव इतिहासाला ठाऊक आहे ते १४३७ साली बहमनी व खानदेशच्या सैन्यांत येथे झालेल्या लढाईमुळे आणि खुदावंतखानाने १५८२ साली बांधलेल्या मशिदीमुळे. येथे बौद्ध अवशेष आहेत असा दावा आम्ही करीत नाही, आणि त्याची गरजही नाही. रोहिणखेडच्या बौद्धांचा अजिंठ्यावरील अधिकार १९५६ च्या धम्मदीक्षेने आलेला आहे. तो गावातल्या एखाद्या फुटक्या दगडावर अवलंबून नाही.

२. भयाचे रूप : तिमितिमिंगिल

बौद्ध कलेतील पहिला मोठा जलचर आपल्याला भारहुतच्या स्तूपावर भेटतो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील या स्तूपाचे कठडे आज कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहेत. त्यांतील एका वर्तुळाकार शिल्पात होडीत बसलेली माणसे आहेत आणि त्यांना गिळण्यासाठी जबडा पसरलेला महामत्स्य आहे. सोबतचा ब्राह्मी लेख सांगतो की, वसुगुप्त नावाच्या पुरुषाची तिमितिमिंगिलाच्या उदरातून महादेवाने सुटका केली.

‘महादेव’ हा शब्द वाचताच येथे शिवाला आणून बसविण्याचा मोह एखाद्याला होईल. परंतु हा लेख स्तूपाच्या कठड्यावर आहे. त्याला समांतर असलेली कथा ‘दिव्यावदाना’त धर्मरुचीच्या अवदानात येते आणि तेथे संकटात सापडलेले व्यापारी बुद्धालाच नमन करतात. म्हणून ‘महादेव’ हे येथे बुद्धाचेच गौरवपर नाव होय, असे अभ्यासकांनी मानले आहे व ते आम्हांस ग्राह्य वाटते. भारहुतच्या शिल्पकारांनी बुद्धाला मानवी रूपात कोठेही दाखविलेले नाही. त्यामुळे शिल्पात दिसते ते फक्त भय आणि भयातून सुटणारी माणसे. सोडविणारा दिसत नाही.

आता आक्षेप असा येईल की, नाव घेतल्याने मासा तोंड मिटतो ही तर चमत्काराचीच गोष्ट झाली. आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नामस्मरणाने संकट टळते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविलेले नाही. तथापि धर्मरुचीची कथा तेथे संपत नाही. बुद्धाचे नाव कानी पडताच त्या महामत्स्याला आपल्या भक्षणाची लाज वाटते. तो तोंड मिटतो आणि उपाशी राहून मरतो. पुढे तोच श्रावस्तीत मनुष्य म्हणून जन्मतो, कधीही न शमणारी भूक घेऊन. भिक्षू झाल्यावर त्याला समुद्रकिनारी पडलेला स्वतःचाच पूर्वीचा प्रचंड सांगाडा दाखविला जातो, आणि तो पाहून तो अर्हत होतो.

पुनर्जन्माचा भाग बाजूला ठेवला तरी कथेचा रोख बदलत नाही. व्यापारी वाचले हा त्या कथेचा पूर्वार्ध. गिळणारा बदलला हा तिचा गाभा. राक्षसाचा वध करून देवाचा जयजयकार करणाऱ्या कथा आपल्या देशात उदंड आहेत. येथे कोणी कोणाला मारीत नाही. गिळणाऱ्याला स्वतःची भूक दिसते आणि तो भिक्षू होतो. ही अंगुलिमालाचीच गोष्ट आहे. फक्त ती समुद्रात घडते.

३. दासीपुत्र पूर्ण आणि अजिंठ्याचे जहाज

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर सर्वांत महत्त्वाचे चित्र अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात आहे. तेथील उजव्या भिंतीवर पूर्णाची कथा रंगविली असून तीन शिडांचे जहाज, त्यावर ठेवलेले रांजण, हात जोडलेला प्रवासी आणि पाण्यातले जलचर त्यात दिसतात. या चित्राचा उल्लेख बहुधा प्राचीन भारतीय नौकानयनाचा पुरावा म्हणून केला जातो. शिडे मोजली जातात, रांजण मोजले जातात. पूर्ण कोण होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खननाने उजेडात आणला. ‘दिव्यावदाना’तील कथेप्रमाणे भव नावाचा श्रीमंत व्यापारी आजारी पडला असता पत्नी व मुलांनी त्याची उपेक्षा केली, शुश्रूषा केली ती एका दासीने. तिच्या पोटी जन्मलेला मुलगा तो पूर्ण. बापाच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा भावांनी दासीपुत्राला वारस मानले नाही. रिकाम्या हातांनी बाहेर पडलेल्या पूर्णाला मोळीवाल्याच्या लाकडांत मौल्यवान चंदन ओळखू आले, त्यातून तो मोठा व्यापारी झाला. समुद्रप्रवासात श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्याने बुद्धवचने ऐकली आणि अखेर सर्व सोडून तो संघात आला.

पुढे त्याचा भाऊ भविल चंदनाच्या लोभाने समुद्रात गेला. चंदनवनाचा स्वामी असलेल्या महेश्वर नावाच्या यक्षाने वादळ उठविले. त्या वेळी भिक्षू पूर्ण जहाजावर प्रकट झाला आणि वादळ शमले. चित्रकाराने रंगविला आहे तो हाच प्रसंग.

ज्याला दासीचा मुलगा म्हणून घराबाहेर काढले, त्याच्याकडे घरातली माणसे बुडताना हात जोडतात, आणि तो हिशेब न काढता धावून येतो. जहाजाभोवतीचे जलचर येथे नुसती शोभा नाहीत. लोभाने समुद्रात शिरलेल्या माणसाला काय गिळू पाहते, ते त्यांनी दाखविले आहे. वाचलेले चंदन नंतर तथागतांसाठी शूर्पारकात बांधलेल्या प्रासादाला लागले. आंबेडकरी वाचकाला हे चित्र समजावून सांगताना शिडांची संख्या आधी सांगावी की पूर्णाची आई, हे ठरविण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

४. भयाचे नाव सांगणारा नावाडी

याच शूर्पारकाशी व भरुकच्छाशी जोडलेली दुसरी कथा सुपारग जातकाची. आर्यशूराच्या ‘जातकमाले’त व पाली जातकसंग्रहातही ती आहे. बोधिसत्त्व हा वृद्ध, दृष्टी गेलेला नावाडी आहे. अनोळखी समुद्रात प्रवाशांना पाण्यावर उसळणारी विचित्र शरीरे दिसतात; चिलखत घातलेली, वस्तऱ्यासारख्या नाकाची. ते घाबरून ओरडतात. आंधळा नावाडी त्यांना सांगतो की ही माणसेही नव्हेत आणि राक्षसही नव्हेत. हे मासे आहेत. मग तो त्या समुद्राचे नाव सांगतो.

डोळे असलेल्यांना राक्षस दिसतात आणि आंधळ्याला मासा कळतो, कारण त्याच्यापाशी ज्ञान आहे. जलचराच्या प्रतीकाचा एवढा बुद्धिनिष्ठ उपयोग आम्हांला अन्यत्र आढळला नाही. या जातकाचा शेवट सत्यक्रियेने होतो, म्हणजे त्यातही अद्भुताचा अंश आहेच. परंतु भयाचे पहिले औषध त्याला नीट ओळखणे हेच आहे, ही शिकवण त्यामुळे उणी होत नाही.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातक रंगविले आहे व त्यात नौकाभंगाचा प्रसंग आहे. पाली कथेत जहाज बुडू लागते तेव्हा बाकीचे प्रवासी रडतात, देवांची आळवणी करतात आणि मासे-कासवांचे भक्ष्य होतात. महाजनक मात्र अंगावरचे वस्त्र तेलात भिजवितो, डोलकाठीवर चढतो आणि जलचरांच्या पलीकडे उडी घेऊन सात दिवस पोहत राहतो. समुद्रदेवता मणिमेखला त्याला उचलते ती त्यानंतर. प्रयत्नाचे मोल त्याने तिला ऐकविल्यावर. नाव घेऊन वाचलेल्या वसुगुप्ताशेजारी पोहत राहिलेल्या महाजनकाला ठेवले म्हणजे बौद्ध परंपरेत या प्रश्नावर दोन मते नांदत होती, हे स्पष्ट होते. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात व कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती अष्टमहाभयांचे देखावे आहेत आणि त्यांत नौकाभंगही आहे. तेथे पहिले मत प्रबळ झालेले दिसते. कालांतराने तारणहाराची प्रतिमा मोठी होत गेली आणि पोहणारा लहान झाला. ही घसरण आपण बौद्ध कलेच्या प्रेमापोटी झाकून ठेवू नये. तथागतांनी अखेरच्या दिवसांत भिक्षूंना ‘अत्तदीप’ होण्यास सांगितले. आपण त्याचा अर्थ ‘दिवा’ असा करतो, तो चुकीचा म्हणता येत नाही. परंतु पालीत ‘दीप’ म्हणजे ‘द्वीप’, बेट, असाही अर्थ होतो आणि अनेक पाली पंडितांना तोच अभिप्रेत वाटतो. चहूकडे पाणी असताना स्वतःच आपली जमीन व्हा, असा तो उपदेश ठरतो. महाजनकाने तेच केले.

५. आसनाचा मकर

आता त्या उपासिकेच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील लेण्यांत मकर दोन ठिकाणी विशेषेकरून दिसतो. दारांच्या चौकटींवर वरच्या कोपऱ्यांत वृक्षाखाली उभ्या असलेल्या नदीदेवतांच्या पायांशी, आणि गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीच्या आसनाच्या पाठीवर व्यालाच्या जोडीने. ही लेणी कोरली गेली तेव्हा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा हरिषेण राज्य करीत होता. वत्सगुल्म म्हणजे आपल्या वऱ्हाडातील वाशीम. सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा त्याचाच मंत्री. या दरबाराच्या छायेत कोरलेल्या बुद्धासनाला राजसिंहासनाचे रूप आले, यात नवल नाही. व्याल आणि मकर हा राजवैभवाचा साज आहे.

परंतु त्या आसनावर राजा बसलेला नाही. राज्य सोडलेला पुरुष बसलेला आहे. त्याच्या हाती शस्त्र नाही. व्याल हा रानाचा धाक आणि मकर हा पाण्याचा धाक. दोघेही आसनाचा भार उचलीत शांत झाले आहेत. त्यांचा वध झालेला नाही, त्यांच्या छातीवर कोणाचा पाय नाही. हे आमचे अनुमान आहे. शिल्पकाराने आपला हेतू लिहून ठेवलेला नाही. परंतु अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’चा त्याला आधार मिळतो. तेथे ज्याला लोक कामदेव म्हणतात तोच मार, असे सांगितले आहे आणि माराच्या सैन्यात मत्स्यमुखी योद्धेही आहेत. मकर ज्याच्या ध्वजावर मिरवतो, त्या कामाचा पराभव बोधिवृक्षाखाली झाला. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात मार म्हणजे मनातील दुष्ट विचार व विकार असेच म्हटले आहे. तो अर्थ घेतला, तर ज्या चिन्हाखाली माणसाला वासना हाकीत होती, ते चिन्ह येथे आसनाच्या पाठीला निमूटपणे टेकलेले दिसते.

६. धम्मसागरातील महाभूते

येथवर जलचर हा भयाचा किंवा जिंकलेल्या विकाराचा प्रतिनिधी होता. परंतु तेवढ्यावर थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात मत्स्यजातक आहे. त्यात अवर्षणाने तळे आटले असता तडफडणाऱ्या माशांसाठी उभा राहणारा मासा हा स्वतः बोधिसत्त्वच आहे. आटलेल्या तळ्याचे दुःख बुलढाणा जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही.

याहून महत्त्वाचे वचन अंगुत्तर निकायातील पहाराद सुत्तात आहे. असुरेंद्र पहारादाशी बोलताना तथागत महासमुद्राचे आठ गुण धम्माला लावून दाखवितात. समुद्र हळूहळू खोल होत जातो, मर्यादा ओलांडीत नाही, त्याला एकच रस असतो. त्यांतील चौथा गुण आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे : गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या नद्या सागराला मिळाल्या की त्यांची नावे व गोत्रे उरत नाहीत, त्याचप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आले की त्यांचे पूर्वीचे नाव-गोत्र उरत नाही. नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी संघाला सागराची हीच उपमा दिली होती.

त्याच सुत्तातला आठवा गुण मात्र आपण सहसा वाचीत नाही. महासमुद्र हे महाभूतांचे निवासस्थान आहे. तेथे तिमी, तिमिंगल यांसारखे, शेकडो योजने लांबीचे जलचर राहतात. त्याप्रमाणे धम्मविनयातही महाभूते राहतात. ती कोण? स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी आणि अर्हत. भारहुतच्या शिल्पात जो गिळावयास येतो, त्याच तिमिंगलाच्या नावाने येथे मुक्त पुरुषांची थोरवी सांगितली आहे. चौथा आणि आठवा गुण एकत्र वाचले म्हणजे अर्थ पुरा होतो. नावे बुडाली की माणूस लहान होत नाही. जातीच्या डबक्यात ज्याला वाढण्यास जागा नव्हती, तो सागरात आल्यावर महाभूत होऊ शकतो. डबक्यात तिमिंगल राहू शकत नाही, हे सांगण्यासाठी समुद्र पाहिलेला असण्याची आवश्यकता नाही.

७. समारोप

प्रतीक म्हणजे ठरलेल्या अर्थाची मुद्रा नव्हे, हे या विवेचनावरून लक्षात यावे. एकच जलचर कोठे भय आहे, कोठे भूक आहे, कोठे शांत झालेला विकार आहे, तर कोठे अर्हताचे मोठेपण आहे. म्हणून शिल्पातला मकर पाहताच ‘हा जलतत्त्वाचा’ किंवा ‘हा आपलाच’ असा निकाल देऊ नये. तो कोठे बसला आहे, कोणाकडे तोंड करून आहे आणि काय करीत आहे, हे आधी पाहावे. आज गावोगावी नवे विहार उभे राहत आहेत व त्यांच्या प्रवेशद्वारांवर जुन्या तोरणांचे अनुकरण होत आहे. जे कोरावयाचे ते अर्थ जाणून कोरावे. केवळ शोभा म्हणून मकर बसवू नये आणि केवळ अंधश्रद्धेच्या भीतीने तो काढूनही टाकू नये. चित्रच काढावयाचे असेल तर अवलोकितेश्वराचा धावा करणाऱ्या जहाजापेक्षा पोहणारा महाजनक किंवा दासीपुत्र पूर्ण यांची निवड करावी, असे आम्हांस वाटते.

राहिला समुद्र नसण्याचा प्रश्न. रोहिणखेडच्या शिवारात पडलेला पाऊस घाटाखालच्या ओढ्यांतून पूर्णेला आणि पूर्णेवाटे तापीला मिळतो. अजिंठ्याच्या लेण्यांपुढून वाहणारी वाघूरही तापीलाच मिळते, आणि ती सारी एका पाण्याने अरबी समुद्राला जातात. घाटमाथ्यावरचे पाणी पैनगंगेतून वर्धेला, पुढे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. त्या माउलीला आम्ही इतकेच सांगितले. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेल्यावर दुसऱ्या लेण्याच्या उजव्या भिंतीपाशी थांबून पूर्णाचे जहाज मुलांना दाखवीन, असे तिने आम्हांस सांगितले.